एका अक्षराचा दावा

एप्रिल १९९९. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्यासमोर एक दावा उभा राहिला. वादी होती मुंबईची रेडिफ कम्युनिकेशन ही कंपनी. बातम्या, गप्पा, खरेदी असे सगळे एका ठिकाणी देणारे तिचे रेडिफ.कॉम हे संकेतस्थळ तेव्हा काही वर्षांचेच होते. प्रतिवादी होते सायबरबूथ. त्यांनी रॅडिफ.कॉम हे नाव नोंदवले होते. इंग्रजी अक्षरांत पाहिले तर दोन्ही नावांत फरक एकाच स्वराचा: रेडिफमध्ये जिथे 'ई' आहे तिथे 'ए'.

दावा एका अक्षराचा होता, पण त्यात मोठा प्रश्न अडकला होता. इंटरनेटवरचे नाव म्हणजे नेमके काय? टेलिफोन क्रमांकासारखा, ज्याला मिळाला त्याचा, नुसता पत्ता? की वर्षानुवर्षांच्या व्यवहारातून कमावलेली पत? पत्ता असेल तर आधी येईल तो धनी. पत असेल तर ती दुसऱ्याला उचलून नेता येणार नाही. देशातल्या एकाही कायद्यात तेव्हा 'डोमेन नेम' हा शब्द नव्हता. न्यायालयाला उत्तर शोधायचे होते ते इंटरनेटच्या कितीतरी आधी घडलेल्या तत्त्वांतून.

प्रतिवादींनी आपल्या नावाची व्युत्पत्ती सांगितली. 'रॅडिकल' या शब्दातली पहिली तीन अक्षरे आणि 'इन्फर्मेशन', 'फ्यूचर', 'फ्री' यांचे एकेक आद्याक्षर घेऊन आम्ही हे नाव बनवले, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायमूर्ती शहांना ते पटले नाही. नामांकित नावाच्या इतक्या जवळचे नाव घेण्यामागे त्या नावाच्या लौकिकाचा फायदा उठवणे हाच हेतू दिसतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. २२ एप्रिल १९९९ रोजी त्यांनी अंतरिम मनाई हुकूम दिला. डोमेन नाव हे इंटरनेटवरच्या पत्त्याहून अधिक काही आहे, ती कंपनीची मोलाची मालमत्ता असू शकते आणि तिला ट्रेडमार्कइतकेच संरक्षण मिळाले पाहिजे, हे या निकालाचे सार.

सोलापुरात जन्मलेले न्यायमूर्ती शहा पुढे मद्रास आणि दिल्ली उच्च न्यायालयांचे मुख्य न्यायाधीश झाले आणि समलिंगी संबंधांना गुन्ह्यातून वगळणाऱ्या दिल्लीतल्या नाझ फाउंडेशन निकालामुळे देशभर ओळखले गेले. त्यांच्या नावावरचा हा लहानसा मुंबईचा निकाल मात्र वकिलांच्या वर्तुळाबाहेर फारसा कोणाला आठवत नाही. आज कोणीही विश्वासाने एखाद्या बँकेचे किंवा दुकानाचे नाव टाइप करतो, त्या विश्वासाच्या पायाचे काही दगड त्या वर्षी बसवले गेले. म्हणून ही हकिगत सांगायला हवी.

आधी येईल त्याचे नाव

इंटरनेटवरचे संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. माणसांना आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून १९८३ मध्ये अमेरिकेत पॉल मोकापेट्रिस यांनी आकड्यांच्या जागी नावे वापरण्याची व्यवस्था आखली. १५ मार्च १९८५ रोजी सिंबॉलिक्स या संगणक कंपनीने पहिले 'डॉट कॉम' नाव नोंदवले. ही व्यवस्था संशोधकांनी संशोधकांसाठी केली होती. तिथे कोणाला फसवण्याचा प्रश्न नव्हता, त्यामुळे नाव मागणाऱ्याला 'हे नाव तुझे कसे?' असे कोणी विचारत नसे. जो आधी मागेल त्याला ते मिळे. १९९५च्या सप्टेंबरपर्यंत त्यासाठी पैसेही पडत नव्हते. त्यानंतर दोन वर्षांना शंभर डॉलर असा दर लागू झाला.

याच सुमारास बाजार इंटरनेटवर येऊ लागला. १९९४ मध्ये जोशुआ क्विटनर या अमेरिकी पत्रकाराने मॅकडॉनल्ड्स.कॉम हे नाव स्वतःसाठी नोंदवून दाखवले. जगभर खानावळी चालवणाऱ्या कंपनीला आपले नाव कोणी घेतले याचा पत्ताही नव्हता. क्विटनर यांना धोक्याकडे लक्ष वेधायचे होते. एका शाळेला मदत करायला लावून त्यांनी ते नाव परत दिले.

पुढे आलेल्यांनी मात्र याचा धंदा केला. डेनिस टॉपेन याने शंभराहून अधिक नामांकित नावे आपल्याकडे घेतली. चित्रपटांचे कॅमेरे बनवणाऱ्या पॅनाव्हिजनचे नावही त्यात होते. त्या पत्त्यावर त्याने इलिनॉय राज्यातल्या पाना या गावाची छायाचित्रे लावली आणि नाव सोडायला १३,००० डॉलर मागितले. १९९८ मध्ये अमेरिकी अपील न्यायालयाने निकाल पॅनाव्हिजनच्या बाजूने दिला. त्याच वर्षी लंडनच्या अपील न्यायालयापुढे 'वन इन अ मिलियन' हा खटला आला. मार्क्स अँड स्पेन्सर, सेन्सबरी, व्हर्जिन अशी नावे नोंदवून बसलेल्यांना न्यायालयाने सांगितले, की असे नाव हातात ठेवणे म्हणजे फसवणुकीचे हत्यारच बाळगणे.

दुसऱ्याच्या जागेवर झोपडे टाकून बसणाऱ्याला इंग्रजीत स्क्वॉटर म्हणतात. त्यावरून या धंद्याला सायबरस्क्वॉटिंग हे नाव पडले. रिकाम्या जागेवर झोपडे टाकणारा बहुधा गरजू असतो. इथे मात्र गरज कोणाचीच नव्हती. हिशेब एवढाच होता, की मोठी कंपनी कोर्टकचेरीच्या खर्चापेक्षा थोडे कमी पैसे देऊन नाव सोडवून घेईल.

मुंबईत काय चालले होते

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमच्या मुंबईतल्या कार्यालयातून. देशाचे स्वतःचे 'डॉट इन' हे नावही तेव्हा मुंबईतूनच सांभाळले जाई. जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेकडे ते काम होते. तिचे नियम कडक होते. कंपनीची कागदपत्रे दाखवल्याशिवाय नाव मिळत नसे. १९९२ ते २००४ या बारा वर्षांत अशी जेमतेम सात हजार नावे दिली गेली. तिथे भामट्यांना जवळपास वाव नव्हता, पण गर्दीही नव्हती. वेळ वाचवण्यासाठी भारतीय उद्योग 'डॉट कॉम'कडे वळले आणि तिथे पाहतात तर त्यांच्या नावांवर आधीच दुसरे कोणी बसलेले.

१९९८ मध्ये तनिष्क.कॉम या नावावरून टायटन कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि तिने मनाई हुकूम मिळवला. भारतातल्या या प्रकारच्या अगदी पहिल्या खटल्यांत त्याची गणना होते. त्याहून गाजला तो याहूचा खटला. दिल्लीतल्या काहींनी याहूइंडिया.कॉम हे नाव घेऊन याहूसारख्याच सेवा देऊ केल्या होत्या. त्यांच्या वकिलांचा युक्तिवाद कायद्याच्या अक्षराला धरून होता. १९५८चा ट्रेड अँड मर्चंडाइज मार्क्स कायदा मालासाठी आहे, याहू तर माल विकत नाही, सेवा देते. आणि याहू हा शब्द कोशातला आहे. न्यायमूर्ती एम. के. शर्मा यांनी १९ फेब्रुवारी १९९९ रोजी हा युक्तिवाद फेटाळला. 'आमचा याहूशी संबंध नाही' अशी सूचना लावल्याने भागत नाही, असेही त्यांनी स्पष्ट केले. नावामुळे गिऱ्हाईक पानावर येते तेव्हाच फसगत झालेली असते, मग ती सूचना ते वाचो किंवा न वाचो. रेडिफचा निकाल आला त्याच्या दोन महिन्यांनी, याच वाटेवर पुढे जात.

जुने तत्त्व, नवा बाजार

इंटरनेटच्या नावाने कायदा नसताना न्यायालयांनी हे कशाच्या बळावर केले? इंग्रजी कायद्यातल्या 'पासिंग ऑफ' या तत्त्वाच्या बळावर. आपला माल दुसऱ्याचा म्हणून कोणी खपवू नये, एवढेच त्याचे सांगणे. त्यासाठी ट्रेडमार्कची नोंदणी असायलाच हवी असे नाही. तीन गोष्टी दाखवता आल्या म्हणजे झाले: नावाला बाजारात लौकिक आहे, समोरच्याने लोकांची दिशाभूल होईल असे काही केले आहे, आणि त्यातून नुकसान झाले आहे किंवा होण्याचा धोका आहे.

मुंबई उच्च न्यायालयात हे तत्त्व नवे नव्हते. १८८८ मध्ये बेळगावच्या सायकल दुकानापासून सुरू झालेल्या आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभारणाऱ्या किर्लोस्कर घराण्याचे नाव दुसऱ्या कंपन्यांनी लावले, तो वाद नव्वदच्या दशकात याच न्यायालयात लढला गेला. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात न्यायालयाने मनाई कायम ठेवली. दोन व्यवसाय वेगळे असले तरी लौकिकाला धक्का पोहोचू शकतो, हे त्या खटल्यात मान्य झाले. महिंद्र अँड महिंद्र यांच्या नावाशी उच्चारात जुळणाऱ्या 'महेंद्र अँड महेंद्र' पेपर मिलविरुद्धचा दावाही मुंबईतूनच सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २००१ मध्ये निकाल मूळ महिंद्रांच्या बाजूने लागला.

या खटल्यांचा धागा डोमेनच्या खटल्यांना थेट जोडलेला आहे. न्यायालये फक्त दोन नावांतली अक्षरे मोजत नव्हती. बाजारात उभ्या असलेल्या सामान्य माणसाच्या जागी स्वतःला ठेवून ती विचारत होती: घाईत असलेला, नाव ऐकून माहीत असलेला, स्पेलिंगची खात्री नसलेला माणूस फसेल का? रॅडिफच्या बाबतीत उत्तर स्वच्छ होते. 'रेडिफ' ऐकून इंग्रजीत लिहिणाऱ्या कितीतरी मराठी माणसांच्या हातून 'ई'ऐवजी 'ए' सहज पडला असता.

जिनिव्हाचा रस्ता

न्यायालयाचा मार्ग खात्रीचा, पण लांबचा. नाव नोंदवणारा अमेरिकेत, नोंदणी करणारी कंपनी दुसऱ्या राज्यात आणि नुकसान होणारी कंपनी मुंबईत, अशा वेळी समन्स पोहोचवण्यातच महिने जात. यावर उपाय म्हणून इंटरनेटच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने ऑगस्ट १९९९ मध्ये एक समान धोरण स्वीकारले. यूडीआरपी या लघुनामाने ते ओळखले जाते. 'डॉट कॉम' नाव घेणारा प्रत्येकजण नोंदणीच्या कराराने या धोरणाला बांधलेला असतो. त्यामुळे तो कोणत्याही देशात असला तरी लवादासमोर येणे भाग पडते.

तक्रारदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. हे नाव आपल्या ट्रेडमार्कसारखे किंवा त्याच्याशी गोंधळ होईल इतके जवळचे आहे. नोंदवणाऱ्याचा त्या नावावर कोणताही रास्त हक्क नाही. आणि नाव वाईट हेतूने नोंदवलेही आहे व वापरलेही जात आहे. मूळ कंपनीलाच चढ्या भावाने विकायला काढणे, तिची वाट अडवून धरणे, तिच्या गिऱ्हाइकांना गोंधळात टाकून आपल्याकडे वळवणे या वाईट हेतूच्या ठळक खुणा. उत्तर द्यायला २० दिवस मिळतात. साक्षीपुरावा कागदावरच होतो. भरपाई मिळत नाही. नाव रद्द होते किंवा तक्रारदाराकडे सोपवले जाते, एवढेच.

या धोरणाखालचा पहिला अर्ज कुस्तीचे सामने भरवणाऱ्या एका अमेरिकी कंपनीने डिसेंबर १९९९ मध्ये जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे केला आणि १४ जानेवारी २००० रोजी निकालही लागला. त्यानंतर दोनच महिन्यांत, मार्च २००० मध्ये, बोरीबंदरच्या बेनेट, कोलमन कंपनीला दोन नावे परत मिळाली. टाइम्स ऑफ इंडिया आणि इकॉनॉमिक टाइम्स या आपल्या दैनिकांची नावे तिने आधीच नोंदवली होती. पण दोन्ही नावांच्या पुढे इंग्रजी 'द' लावून दुसऱ्यांनी ती घेतली होती आणि वाचक तिथून दुसऱ्याच एका बातम्यांच्या पानावर नेले जात होते. केंब्रिजचे प्राध्यापक विल्यम कॉर्निश यांनी दोन्ही नावे कंपनीकडे सोपवण्याचा निर्णय दिला.

टाटांची लढाई तर अनेक आघाड्यांवर चालली. टाटा.ऑर्ग हे नाव त्यांनी २००० मध्ये जिनिव्हाच्या वाटेने मिळवले. मार्च २००१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ज्या नावांवर मनाई केली त्यांची यादी वाचली की या धंद्याची रीत कळते. टाटा पॉवर, टाटा हायड्रो, टाटा टेलिसर्व्हिसेस, टाटा हनीवेल, टाटा टिमकेन अशा एकेका कंपनीच्या नावाबरोबर त्यात जेआरडीटाटा.कॉम आणि रतनटाटा.कॉम ही माणसांची नावेही होती. जेआरडी १९९३ मध्ये वारले होते. जाऊन सात वर्षे झालेल्या माणसाचे नावही या बाजारात सुटले नाही. त्याच वर्षी बिसलेरी.कॉम हे नावही मुंबईच्या त्या पाणी कंपनीला न्यायालयातूनच सोडवावे लागले.

एका जगात एकच नाव

सर्वोच्च न्यायालयासमोर हा प्रश्न २००४ मध्ये आला. सत्यम इन्फोवे या कंपनीचे 'सिफी' हे नाव आणि 'सिफीनेट' नावाची दुसरी कंपनी यांच्यातला तो वाद होता. कर्नाटक उच्च न्यायालयाने सत्यमला दिलासा नाकारला होता. ६ मे २००४ रोजी न्यायमूर्ती रूमा पाल यांनी लिहिलेल्या निकालाने तो फिरवला. भारतात डोमेन नावांच्या वादांसाठी वेगळा कायदा नाही हे न्यायालयाने मान्य केले आणि त्याच वेळी सांगितले, की म्हणून ही नावे उघड्यावर पडत नाहीत. पासिंग ऑफचे जुने तत्त्व त्यांना लागू होते.

ट्रेडमार्क आणि डोमेन यांतला मूळ फरकही या निकालाने नेमका मांडला. ट्रेडमार्क एका देशापुरता आणि एका प्रकारच्या मालापुरता असतो. एकाच नावाची साबणाची कंपनी, पंख्याची कंपनी आणि हॉटेल शेजारीशेजारी नांदू शकतात. 'डॉट कॉम'मध्ये मात्र एक नाव सगळ्या जगात एकाच्याच हाती असते. म्हणून तिथली लढाई अधिक तीव्र होते आणि चुकीच्या हाती गेलेले नाव अधिक नुकसान करते.

या वर्षांत कायद्याची चौकटही बदलली. १९९९चा नवा ट्रेडमार्क कायदा १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. त्यात मालाबरोबर सेवांच्या नावांनाही नोंदणी मिळाली. याहूच्या खटल्यात ज्या फटीतून निसटण्याचा प्रयत्न झाला ती फट अशी बुजली. २००५च्या सुरुवातीला 'डॉट इन' सर्वांसाठी खुले झाले आणि कारभार २००३ मध्ये स्थापन झालेल्या निक्सी या संस्थेकडे गेला. सर्वांना दार उघडण्याआधी ट्रेडमार्कधारकांना आपली नावे घेण्यासाठी काही दिवस राखून ठेवले होते. वाद सोडवण्यासाठी निक्सीने स्वतःचे धोरणही आणले. यूडीआरपीत नाव वाईट हेतूने नोंदवलेही हवे आणि वापरलेही हवे. निक्सीच्या धोरणात या दोहोंपैकी एक दाखवले तरी पुरते. म्हणून 'डॉट इन'च्या वादात मूळ मालकाचे काम थोडे सोपे आहे.

२७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीतले 'डॉट भारत' आले. मराठी, कोकणी, हिंदी अशा आठ भाषांसाठी ते होते. रोमन लिपी न येणाऱ्या वाचकासाठी हे मोठे पाऊल होते. कंपन्यांसाठी मात्र राखायच्या नावांत आणखी एका लिपीची भर पडली.

मर्यादाही हव्यात

नावाचे रक्षण करताना शब्दांची मक्तेदारी तयार होऊ नये, हेही न्यायालयांनी सांभाळले. मुंबईत न्यायमूर्ती गौतम पटेल यांच्यासमोर शादी.कॉम या लग्न जुळवणाऱ्या संकेतस्थळाचे दोन दावे आले. २०१४ मध्ये 'शादी' शब्दाची जुळवाजुळव करून नाव घेणाऱ्या आणि पानाच्या आड शादी.कॉमचे शब्द पेरून तिच्याकडे येणारे लोक आपल्याकडे ओढणाऱ्याला त्यांनी थांबवले. २०१६ मध्ये मात्र 'सेकंडशादी' या नावावर मनाई द्यायला नकार दिला. शादी हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. लग्न जुळवणाऱ्याने तो वापरू नये असे कोणी म्हणू शकत नाही.

अमेरिकेत उझी निसान या माणसाने १९९४ मध्ये स्वतःच्या आडनावाचे निसान.कॉम घेतले. मोटारी बनवणाऱ्या निसानने त्याला अनेक वर्षे न्यायालयात खेचले, पण नाव अखेर त्याच्याकडेच राहिले. यूडीआरपीतही तक्रारदाराने दुसऱ्याचे रास्त नाव बळकावण्यासाठी तक्रार केली असेल, तर तसा ठपका निकालात नोंदवण्याची तरतूद आहे. २०२४ मध्ये दिल्लीच्या एका तरुणाने दोन कंपन्या एकत्र येणार हे ओळखून आधीच घेतलेल्या जिओहॉटस्टार या नावाची मोठी चर्चा झाली. परदेशी शिक्षणाचा खर्च मिळाला तर नाव देईन, असे त्याचे म्हणणे होते. अनेकांना त्याच्याबद्दल सहानुभूती वाटली. पण कायद्याची कसोटी सहानुभूती नसते. नाव कशासाठी घेतले आणि लौकिक कोणाचा, याच दोन प्रश्नांवर ती ठरते.

भामट्यांची नवी पिढी

पहिल्या पिढीतल्या सायबरस्क्वॉटरचे लक्ष कंपनीच्या तिजोरीवर होते. आजच्याचे लक्ष सामान्य माणसाच्या बचतीवर आहे. कंपनीच्या नावापुढे 'डीलरशिप', 'डिस्ट्रिब्युटर', 'फ्रँचाइजी' किंवा 'केअर' असा शब्द जोडून नाव घ्यायचे, हुबेहूब पान उभारायचे, अर्ज भरून घ्यायचा, आधी नोंदणी शुल्क मागायचे, मग अनामत, मग मालाची आगाऊ रक्कम. पैसे जमा झाले की फोन बंद.

मराठवाडा आणि विदर्भाच्या सीमेवर, हिंगोली–वाशीम रस्त्यावर कनेरगाव नाका हे गाव आहे. एकेकाळी निजामाचे राज्य आणि इंग्रजांकडचे वऱ्हाड यांची हद्द याच भागातून जाई आणि हद्द ओलांडणारा माल तपासला जाई. इंटरनेटवर असे तपासणी करणारे ठाणे क्वचितच असते. नाव मागणाऱ्याचे कागद बहुतेक ठिकाणी कोणी पाहत नाही. म्हणून एखाद्या मोठ्या कंपनीची एजन्सी घ्यायची म्हणून अशा गावातला दुकानदार मोबाइलवर शोध घेतो, तेव्हा समोर आलेले पान खरे की खोटे हे ओळखण्याची सगळी जबाबदारी त्याच्या एकट्यावर पडते. कंपनीला यात बदनामी सोसावी लागते. त्याची मात्र जन्माची पुंजी जाते.

२०२० मध्ये हिंदुस्थान युनिलिव्हरने अशा बनावट नावांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. १२ जून २०२०च्या आदेशात न्यायमूर्ती पटेल यांनी तांत्रिक बाजू उलगडून दाखवली. नावांची नोंदणी संपूर्णपणे यंत्रावर होते, तिथे माणूस नसतो. नोंदणी कंपनी एखादे नाव निलंबित करू शकते, पण पानापर्यंतची वाट बंद करणे तिच्या हातात नसते. पुढे येणाऱ्या प्रत्येक नावाची छाननी करून कोणते ठेवायचे आणि कोणते नाही हे ठरवण्याचे कामही तिच्यावर टाकता येत नाही. या स्पष्टतेमुळे न्यायालयांनी कोणाकडून काय मागायचे हे ठरायला मदत झाली.

दिल्ली उच्च न्यायालयात अशा खटल्यांची रांगच लागली. प्रतिवादीचा ठावठिकाणा नसल्याने कागदोपत्री त्याला 'अशोक कुमार' म्हणतात. अज्ञात प्रतिवादीसाठी भारतीय न्यायालयांत रूढ झालेले हे नाव आहे. डाबर, अमूल, कोलगेट यांच्याबरोबर पुण्याच्या बजाज फायनान्सचाही त्या रांगेत दावा होता. २०१८ मध्ये युरोपात नवा खासगीपणाचा कायदा आल्यापासून नाव कोणी नोंदवले ही माहिती जगभर झाकली जाऊ लागली होती आणि भामटे त्या पडद्याआड लपत होते. २०२२ मध्ये न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी नोंदणी कंपन्यांना सांगितले, की नोंदवणाऱ्याची ओळख आपोआप झाकू नका, त्याने स्वतः मागितले तरच झाका. पैसे पाठवताना खातेदाराचे नाव दिसत नसल्याचा फायदाही भामटे घेत. ३० डिसेंबर २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले, की १ एप्रिल २०२५ पर्यंत एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये पैसे पाठवण्याआधी खातेदाराचे नाव पाहण्याची सोय द्या. ज्या कंपनीची एजन्सी घेत आहोत तिच्या खात्यावर एखाद्या माणसाचे नाव दिसले, तर तिथेच थांबावे. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी. जितका उशीर, तितके पैसे दूर जातात.

मोठ्या कंपन्यांनी आता यासाठी पहारेच बसवले आहेत. आपल्या नावाशी जुळणारे नवे नाव कुठे नोंदले गेले हे सांगणाऱ्या सेवा त्या घेतात, चुकीच्या स्पेलिंगची नावे आधीच विकत घेऊन ठेवतात आणि वर्षाकाठी डझनांनी तक्रारी दाखल करतात. जिनिव्हाच्या संघटनेकडे २०२३ या एका वर्षात अशा ६,१९२ तक्रारी आल्या. रेडिफ न्यायालयात गेली तेव्हा यूडीआरपीची ही वाट अस्तित्वातही नव्हती.

हिंगोलीसाठी यात काय आहे

हा सगळा इतिहास मोठ्या नावांचा वाटतो. पण त्याचा सर्वांत निकडीचा धडा छोट्या नावांसाठी आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ही पिढ्यान्‌पिढ्यांच्या कष्टाची पावती आहे. पण इंटरनेटवर तेवढ्याने भागत नाही. यूडीआरपी ट्रेडमार्कचे रक्षण करते, भौगोलिक मानांकनाचे नाही. २०११ मध्ये फ्रान्सच्या शँपेन उत्पादकांची जगप्रसिद्ध संस्था शँपेन.सीओ या नावावर दावा घेऊन जिनिव्हाला गेली आणि ट्रेडमार्कचा हक्क दाखवता न आल्याने रिकाम्या हाताने परतली. जे शँपेनला मिळाले नाही ते वसमतच्या हळदीला नुसत्या मानांकनावर मिळेल, अशा भरवशावर राहून चालणार नाही.

म्हणून शेतकरी उत्पादक कंपन्यांनी, बचत गटांनी आणि हळद थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्या प्रत्येकाने आपल्या नावाचा ट्रेडमार्क वेळेत नोंदवावा. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांसाठी एका वर्गातल्या ऑनलाइन अर्जाचे शुल्क ४,५०० रुपये आहे. नोंदणी दहा वर्षे टिकते आणि पुढे वाढवता येते. त्याच दिवशी त्या नावाची 'डॉट इन' आणि 'डॉट कॉम' नोंदणीही करून टाकावी. ती स्वतःच्या किंवा संस्थेच्या नावाने असावी, संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या नावाने नव्हे. नूतनीकरणाची तारीख हिशेबाच्या वहीत लिहून ठेवावी, कारण मुदत चुकली की नाव पुन्हा बाजारात येते आणि ते उचलायला कोणीतरी टपलेले असते.

१९९९ मध्ये न्यायमूर्ती शहांनी रेडिफचे एक अक्षर वाचवले, तेव्हा त्यांनी एका कंपनीची मालमत्ता राखली. त्याहून अधिक म्हणजे नाव टाइप करणाऱ्या माणसाचा, आपण जिथे निघालो तिथेच पोहोचू, हा हक्क राखला. पंचवीस वर्षांच्या सगळ्या निकालांत, धोरणांत आणि लवादांत हाच हक्क पुन्हा पुन्हा जपला गेला आहे. कंपन्यांकडे वकील आहेत, त्या आपले नाव राखतील. शेतकऱ्याच्या कंपनीचे नाव आणि दुकानदाराची पुंजी राखण्याची तजवीज मात्र नोंदणी कंपन्यांनी, बँकांनी आणि सरकारने आधीच करून ठेवली पाहिजे. या इतिहासाचा तो अजून लिहायचा राहिलेला भाग आहे, आणि तो न्यायालयाची वाट न पाहता लिहिला गेला पाहिजे.